अकरा नंबरचा वाफा

टिटवाळा
रविवार, ता. ८ जून २०२५

चि. समीक्षा हिस,
धाकूबाबाचे आणि घरातल्या सगळ्यांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तुझ्या प्रबंधाची कच्ची प्रत मे महिन्याच्या बारा तारखेला पोचली. आज सत्तावीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत म्हाताऱ्याला चार ओळी लिहायला काय झालं, असं तुझ्या मनात आलं असेल. लिहिल्या होत्या. तीन वेळा लिहिल्या आणि तीनही वेळा फाडल्या. हे चौथं पत्र. हेही फाडीन म्हणून तुझ्या काकूने, म्हणजे आमच्या विमलाबाईने, समोर ठाण मांडलं आहे. ती तांदूळ निवडते आहे, पण लक्ष माझ्या कागदावर आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, ते तुला ठाऊक आहे. अक्षर समजून घे. कुठे चुकलं असेल तर सुधारून वाच.

तुझी तब्येत बरी असेल. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? त्यांना सांग की खोपटच्या तुमच्या घरी जिने फार आहेत, दिवसातून एकदाच उतरत जा. इकडे आम्ही सगळे बरे. नातू कमलेशला नोकरी लागली, कल्याणला मोटारींच्या शोरूममध्ये. नदीला पाणी अजून घोट्याएवढंच आहे. आमच्या पलीकडच्या बिल्डिंगीचा आणखी एक मजला चढला, त्यामुळे आता दुपारी तीन वाजताच शेतावर सावली येते. पुढच्या वर्षी उन्हाचं कसं व्हायचं याची मला काळजी आहे, पण ते नंतर.

तुझी प्रत आली तेव्हा कमलेशने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. इंग्रजीतलं तो मराठी करून सांगत होता. माझा फोटो आहे त्या पानावर तो थांबला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर हिरोसारखे उभे आहात, हातात रताळं घेऊन." सगळे हसले. मीही हसलो. पोरी, तुझे किती आभार मानू ते मला समजत नाही. मी हे वरवर लिहीत नाही. थोडं मागचं सांगतो, म्हणजे कळेल.

तू पहिल्यांदा आलीस ते मागच्या दसऱ्यानंतर. त्याआधी तू चार गावं फिरली होतीस आणि कोणी जागा दिली नव्हती. रस्त्यात जमीन जाणार म्हणून मोजायला आलेली बाई, असं सगळ्यांना वाटलं. आमचा शेजारी तानाजी तुला म्हणाला होता, "मॅडम, इथे शेती कोण करतो? इथे बिल्डिंगी पिकतात. तो बघा, नदीवर एक खुळा हाय, त्याला विचारा." तो खुळा मी. वरची जमीन केव्हाच गेली, मुलं खडी-रेतीच्या धंद्यात पडली, मी आपला नदीकाठच्या पट्ट्यात भात आणि भातानंतर रताळी करतो. घरात कोणाला त्याचं कौतुक नाही. मुलं म्हणतात, बाबांना विरंगुळा आहे.

तू बांधावर बसलीस आणि पहिलाच प्रश्न विचारलास, "बाबा, वेल लावताना त्याची पाठ नदीकडे का करता?"

मी म्हणालो, "आई करायची."

"पण का?"

मग मला विचार करावा लागला. म्हणालो, वारा नदीवरून येतो, शेंडा वाऱ्याच्या तोंडाला ठेवला तर कोवळा वेल उलटतो. आणि तू ते लिहून घेतलंस. माझं बोलणं कोणी लिहून घेतलेलं मी चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं. तलाठ्याने घेतलं असेल, पण ते सातबाऱ्यापुरतं. त्या रात्री मी जेवताना काकूला दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगायला लागलो तर ती म्हणाली, "लिवलं, लिवलं. आता भात घ्या."

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरच्या नऊ तारखेला आपण वेल लावले. तुझ्या कॉलेजचे तीन वाण आणि चौथा आमचा घरचा. बारा वाफे, प्रत्येक वाण तीन ठिकाणी, तेही चिठ्ठ्या टाकून. मला ते पटेना. एकेका वाणाची सरळ रांग सोडून हे विखुरलेलं कशाला? तू म्हणालीस, "बाबा, एखाद्या वाणाला नेमकी चांगली माती मिळाली तर तो उगाच पहिला येईल. म्हणून प्रत्येकाला तीन जागी बसवायचं."

"म्हणजे परीक्षेत पोरांना लांब लांब बसवतात तसं. एकमेकाचं बघायला नको."

तू इतकी हसलीस की पाण्याची बाटली सांडली. वाफ्यांवर नंबरांच्या पाट्या लावल्या तेव्हा तानाजी बांधावरून ओरडला, "धाकूशेट, रताळ्यांची आधारकार्डं काढली काय?" मी पुढची पाटी ठोकायला घेतली. मला त्या पाट्यांचा अभिमान वाटत होता.

तुझ्या वाणांना नंबर होते, मी आपली माझी नावं ठेवली. पांढरी, जांभळी, नारंगी आणि घरची लाल. तू मला शंभर पानी वही दिलीस, टेप दिलीस आणि जाडी मोजायचा तो चिमट्यासारखा पट्टा दिलास. दर रविवारी वेलाची लांबी, पानाचा आकार, फुटवे किती, सगळं लिहायचं. घरच्या लालचं पान पिंपळासारखं, नारंगीचं हाताच्या पंजासारखं फाटलेलं, जांभळीच्या देठापासून शेंड्यापर्यंत सगळा वेल काळसर. आयुष्यभर मी रताळी लावली, पण पान असं नीट कधी पाहिलं नव्हतं. पान म्हणजे बैलाला घालायचं, एवढंच माहीत.

तुला आठवतं का, पहिले दोन रविवार मी टेप शून्याऐवजी एकच्या आकड्यापासून धरली होती? तिसऱ्या रविवारी लक्षात आलं. मग मला झोप येईना. सकाळी सहाला मी तुला फोन केला की बाई, सगळे वेल एक सेंटीमीटर जास्त लिहिले गेलेत. तू झोपेत होतीस. म्हणालीस, "बाबा, एवढंच ना? एक वजा करते. तुम्ही सांगितलंत, फार बरं केलंत."

तोच मी. एका सेंटीमीटरसाठी सकाळी सहाला फोन करणारा. म्हणून आता पुढचं लिहायला हात चालत नाही.

काकू विचारते आहे, कुठवर आलं? मी म्हटलं, टेपपर्यंत. ती म्हणाली, "मग अजून काहीच नाय आलं."

तुला मी तीनदा फोन केला मे महिन्यात. एकदा आईच्या गुडघ्याचं विचारलं, एकदा पाण्याचं सांगितलं आणि एकदा कमलेशच्या नोकरीचे पेढे पाठवतो म्हणालो. प्रत्येक वेळी तू म्हणालीस, "बोला ना बाबा, आणखी काय?" आणि मी म्हणालो, काही नाही, ठेवतो.

आमच्याकडे एक रीत आहे, ती तुला मी सांगितली नव्हती. सांगायला हवी होती. रताळ्याचा वेल आमच्यात कोणी विकत घेत नाही, विकत नाही. वेल मागून आणायचा. ज्या घरातून आणला त्या घरी त्या वर्षीच्या रताळ्यांची पहिली पाटी, म्हणजे भरली टोपली, जायची. आपल्या घरात कोणी चाखायच्या आधी जायची. ती पाटी मोजायची नाही, तोलायची नाही. देणाऱ्याच्या घरी पोचली की तो वेल आपल्या घरचा झाला. नाही पोचली, तर वेल उसनाच राहिला, मग तो पुढे दुसऱ्या कोणाला द्यायची आपल्याला सोय नाही. आमचा लाल वेल माझ्या आईने तिच्या बहिणीकडून, सखुमावशीकडून, दिवा गावाहून आणलेला. आई डोक्यावर पाटी घेऊन दरसाल दिव्याला जायची. खरं तर एकदा पाटी पोचली की झालं, पण आईने मोडलं नाही, म्हणून मीही मोडलं नाही. मावशी गेली, तिचं घर जाऊन तिथे सात मजले उभे राहिले, तरी तिच्या सुनेकडे पाटी जाते. तिची नातवंडं विचारतात, हे काय, बाजारात मिळत नाही का? मिळतं. पण तसं सांगून त्यांना कळत नाही.

तर तुझ्या कॉलेजचे तीन वेल माझ्या शेतात आले ते तुझ्या हातून. मी तुझ्या गुरुदत्त सरांना ओळखत नव्हतो, कॉलेजला तर मुळीच नाही. माझ्या हिशोबी वेल दिला तो समीक्षाने, म्हणजे खोपटच्या घराने. मग पहिली पाटी खोपटला जायला हवी. महाशिवरात्र बुधवारी होती. तुम्हाला उपासाला उपयोगी पडतील म्हणून आदल्या सोमवारी मी पाटी भरली आणि ठाण्याला आलो. तू तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होतीस. तुझ्या आईने दार उघडलं. त्या म्हणाल्या, "अहो, एवढी कशाला? आम्ही दोघीच तर खाणार." मग चहा केला, पोहे केले, जाताना माझ्या रिकाम्या पाटीत नारळ घातला. रिकामी पाटी परत द्यायची नसते हे त्यांना न सांगता कळलं. मला फार बरं वाटलं. परत येताना मी स्वतःशीच हसत होतो.

आता नीट वाच.

तू मला पहिल्याच दिवशी बजावलं होतंस. वाफ्याच्या कडेचे वेल मोजणीत नाहीत, ते तुमचे, खुशाल खा. मधल्यांना हात लावायचा नाही. मला पूर्ण आठवत होतं. मी कडेचीच काढायला गेलो होतो. पण नदीच्या बाजूची कड भुंग्याने खाल्लेली, दुसऱ्या कडेची बोटाएवढी. तसली रताळी वेल देणाऱ्याच्या घरी कशी पाठवायची? आईने पाटीत कधी किडकं रताळं ठेवलं नाही. आणि नारंगीच्या एका वाफ्यात मधोमध मातीला अशा भेगा पडल्या होत्या की खाली काय भरलंय ते वरून कळत होतं. मी वेल उपटले नाहीत. आमच्यात बोटांनी चाचपून मोठं तेवढं काढून घेतात आणि माती परत दाबतात, वेलाला पत्ता लागत नाही. तशी काढली. एकाच वाफ्यातली काढली. पाटी भरेपर्यंत काढली. तो अकरा नंबरचा वाफा.

शिवरात्रीच्या दिवशी तू फोन केलास. "बाबा, आई म्हणते अशी गोड रताळी तिने खाल्ली नाहीत कधी. एवढ्या लांब आणून दिलीत! कडेची काढलीत ना?"

मी म्हणालो, "हो."

तो पहिला शब्द. त्या वेळी मला तो फार मोठा वाटला नाही. वाटलं, एका पाटीने काय होतंय, इतक्या मोठ्या शेतात. आणि तुला खरं सांगितलं तर तुझ्या आईच्या तोंडातला घास कडू होईल. भेट घेतल्याचा त्यांना त्रास होईल. असं मी स्वतःला समजावलं.

मार्चच्या नऊ तारखेला काढणी झाली. तू, सर, तुझ्या दोन मैत्रिणी, तो मोठा वजनकाटा. प्रत्येक वाफ्याचं वजन तू मोठ्याने सांगायचीस आणि मी वहीत लिहायचो. पांढरीचे तीन वाफे मिळून पस्तीस किलो चारशे. लांबीला चांगली, पण वाकडी आणि गाठी-गाठींची. जांभळी एकोणतीस सहाशे, दिसायला सगळ्यांत देखणी, अंगाने बारीक. घरची लाल त्रेचाळीस किलो शंभर. आणि नारंगी, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, जाडीला सगळ्यांच्या वरचढ. तिचा पहिला वाफा पंधरा सहाशे. दुसरा पंधरा दोनशे. मग अकरा नंबर. आठ किलो शंभर.

 तोपर्यंत मला कळलंच नव्हतं की एक पाटी म्हणजे अर्धा वाफा. खरंच कळलं नव्हतं. पाटी तोलायची नसते ना.

सर वाफ्यात उकिडवे बसले, माती हातात घेऊन पाहिली. तिथे माती भुसभुशीत होती, पोकळ जागा होत्या. ते म्हणाले, "काय हो धाकूबाबा, इथे उंदीर लागले होते का?"

तू काट्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलंस.

मी म्हणालो, "असतील साहेब. नदीकाठ आहे."

हा दुसरा शब्द. आणि हा कोणाच्या आईसाठी नव्हता, घासासाठी नव्हता. हा माझ्यासाठी होता. भरल्या शेतात चार माणसांदेखत मी खोटं बोललो, कारण मला शरम वाटली. आणि पुढे जे झालं त्याने तर तोंडच बंद झालं. तू हिशोब केलास आणि उडीच मारलीस, "बाबा! तुमचा घरचा वेल पहिला आला!" सरांनी माझा हात हातात घेतला. तानाजी बांधावर होता, तो सुद्धा म्हणाला, "मानलं, धाकूशेट." आणि मला वाटलं, आईच्या वेलाला कॉलेजने पहिला नंबर दिला. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मला बोलवेना. मला इतका आनंद झाला होता की तो सोडवेना.

फोटोत मी हिरोसारखा उभा आहे असं कमलेश म्हणतो, तो फोटो त्यानंतर पाच मिनिटांनी काढलेला आहे.

मग तुझी प्रत आली. कमलेश वाचत वाचत त्या ओळीवर आला: सहाव्या प्रकरणात आहे, तू बघ. अकराव्या वाफ्यात शेतकऱ्याच्या सांगण्यानुसार उंदरांचा उपद्रव झाला. आणि खाली, नारंगी वाण या नदीकाठच्या भागाला सुचवता येत नाही, घरचा लाल वाण सुचवावा. बाकीचे टाळ्या वाजवत होते. काकू टाळ्या वाजवत नव्हती. ती सगळे गेल्यावर म्हणाली, "कुठले उंदीर?"

मी प्रत उचलून कपाटात ठेवायला लागलो.

"घरात तीन मांजरी पाळल्यात मी. दिवसभर शेतावर पडून असतात. कुठले उंदीर?"

पाटीत तळाला सागाची पानं तिनेच घातली होती. पाटी किती भरली होती ते तिने पाहिलं होतं. मग मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, मधल्यांना हात लावला म्हणून ओरडेल. ती म्हणाली, "पाटी दिली ती बरोबर दिली. पण पोरीने तुमचं बोलणं लिवून घेतलं, नि तुमी तिला लिवायला काय दिलं? उंदीर?"

 

तेव्हापासून मी एकच विचार करतो आहे की ती पाटी किती किलोची असेल. रीत मोडली तर मोडली म्हणून मागच्या मंगळवारी मी कल्याणच्या बाजारात गेलो. या दिवसांत आपल्याकडची रताळी नसतात, कर्नाटकाकडची आली होती. पाटी बरोबर नेली होती. ती तशीच, कडेच्या वर दोन बोटं भरेल एवढी भरली आणि तोलून घेतली. रताळीवाला विचारतो, "बाबा, आधी तोलून मग भरतात, तुम्ही उलटं काय करता?" सात किलो तीनशे भरली. घरी आलो तर काकू कपाळाला हात लावून म्हणाली, "पाटी मोजायला पाटीभर रताळी आणली! आता खाणार कोण?" आम्ही पाच दिवस तीच खातो आहोत.

आठ किलो शंभर आणि सात किलो तीनशे मिळून पंधरा किलो चारशे होतात. नारंगीच्या बाकी दोन वाफ्यांशी हे जुळतं. म्हणजे तीन वाफ्यांचे शेचाळीस किलो दोनशे. म्हणजे नारंगी पहिली आणि आमची लाल दुसरी. पण हा आकडा तू तसाच धरू नकोस. मी फार विचार केला आहे. एक तर बाजारातली रताळी लांबट होती, पाटीत पोकळी जास्त राहिली असेल. दुसरं, मी काढली ती काढणीच्या तेरा दिवस आधी, तेवढ्या दिवसांत ती आणखी भरली असती. तिसरं, मोठी काढून घेतली की खालची बारीक झपाट्याने भरतात, म्हणजे आठ किलोतली काही माझ्यामुळेच वाढलेली असणार. चौथं, मी नेमकी मोठी मोठी उचलली, त्यामुळे नारंगीची लांबी-जाडी तू जी सरासरी काढलीस तीही खोटी ठरली. सगळाच घोळ आहे. तो वाफा अजिबात सोडून द्यायचा की काय करायचं, ते तुला आणि सरांना कळेल. मला फक्त एवढं माहीत आहे की तिथे उंदीर नव्हते.

प्रबंध वीस तारखेला द्यायचा आहे असं तू म्हणाली होतीस. म्हणजे बारा दिवस आहेत. हे पत्र मी उद्या सकाळी पोस्टात रजिस्टर करतो. बुधवार-गुरुवारपर्यंत मिळावं. मिळालं नाही तर, या भीतीने दुसरी एक नक्कल काकूने माझ्याकडून करून घेतली आहे, ती कमलेशबरोबर पाठवायची असं तिचं म्हणणं आहे. पाकीट बंद करून पाठवीन. पण तुला माझ्याकडूनच कळावं.

सरांना दाखवायला लागेल म्हणून वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे, इथेही लिहितो:

मी, धाकू पोशा भोईर, वय चौऱ्याहत्तर, लिहून देतो की ता. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी अकरा नंबरच्या वाफ्यातील मधल्या वेलांची मोठी रताळी मी स्वतःच्या हाताने काढली. समीक्षाला हे माहीत नव्हतं. तिने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. सरांनी विचारलं तेव्हाही खोटं सांगितलं. यात तिचा काही दोष नाही. साक्षीदार, विमलाबाई धाकू भोईर.

तिची सही तिने स्वतः केली आहे. पहिल्यांदा 'ला' विसरली म्हणून परत केली, तेवढी खाडाखोड आहे.

सर ओरडतील. ओरडू देत, पण माझ्यावर ओरडू देत. म्हणशील तर मी कॉलेजात येऊन त्यांच्यासमोर उभा राहीन. मला यायची भीती वाटते, हे कबूल करतो, पण येईन. तुझं वर्ष फुकट जाईल का, ही एकच गोष्ट मला खाते आहे. तसं असेल तर मला लपवू नकोस.

गावात लाल वेलाला फार मागणी आली आहे. तुझ्या प्रतीचा फोटो कोणीतरी मोबाइलवर फिरवला. परवा दोन गावांहून माणसं आली, पहिल्या नंबरचा वेल द्या म्हणून. मी म्हणालो, पहिला नाही, दुसरा आहे, आणि पहिला कोणता ते समीक्षा सांगेल तेव्हा देईन. तानाजी म्हणाला, याचं डोकं फिरलं. नारंगीचा वेल मी विहिरीच्या सावलीला जगवून ठेवला आहे. उन्हाळाभर काकूने रोज दोन बादल्या घातल्या. नोव्हेंबरात त्याच वाफ्यात तो पुन्हा लावीन, तू येवोस किंवा न येवोस. आलीस तर मधल्या वेलांभोवती तुझ्या हाताने दोरी बांध.

काही म्हण, पण हे वर्ष माझ्या आयुष्यात सगळ्यांत चांगलं गेलं. खोटं बोललो तरी हे खरं आहे. रविवारी सकाळी वही घेऊन शेतावर जाताना मला वाटायचं, मी कामावर निघालो आहे. मुलं झाली तेव्हा, घर बांधलं तेव्हा असं वाटलं होतं, त्यानंतर नाही. तू मला पान बघायला शिकवलंस. तुझे उपकार मी विसरणार नाही, आणि तुझ्या आईचेही नाहीत.

प्रबंधात माझ्या नावाखाली तू 'सहकारी शेतकरी' असं छापलं आहेस. कमलेशने ते शब्द मला तीन वेळा वाचून दाखवले. मला ते ठेवायचे आहेत, पण ते माझ्या हातात नाही. तुझं उत्तर येईपर्यंत मी सहीखाली ते लिहिणार नाही.

राग आला असेल तर रागाचं लिही, फोनवर ओरडायचं असेल तर ओरड, मी ऐकून घेईन. फक्त गप्प राहू नकोस, पोरी. दोन शब्दांचा का होईना, निरोप लवकर पाठव.

नुसता,
धाकू पोशा भोईर